जाडसुई यांस, कात्रणकडून

१२ जानेवारी

काका,

मी मोठ्या भावाची मुलगी. म्हणजे तुमच्या मोठ्या भावाची. पहिलंच वाक्य गडबडलं, पण खोडत नाही, कारण हा तिसरा कागद आहे आणि आधीचे दोन खळ ढवळायला गेले.

तुम्ही दुकान सोडून गेलात तेव्हा मी तीन वर्षांची होते. आता सतराची आहे. पत्ता कटरमामांनी दिला. कागद कापायच्या मशीनवर बसतात ते, तुमच्या वेळेपासूनचे. म्हणाले, "पोरी, पत्ता देतो, पण मालकांना कळलं तर आपली ओळख नाही."

पत्राचं कारण असं, की कात्रण म्हणजे मी.

हो, तीच. नेटवरच्या ज्ञानकोशात 'पुस्तकबांधणी' या पानावर तुम्ही परवा जिचं वाक्य तीनदा उडवलंत ती. आणि जिने तुमचं तीनदा उडवलं ती. सदस्य जाडसुई म्हणजे तुम्ही, हे मला दुसऱ्याच फेरीत कळलं. बाबांनी तुम्हाला ठेवलेलं नाव ते. कुणाची शिवण ढोबळ दिसली की बाबा अजून म्हणतात, "काय हे जाडसुईसारखं." तुम्ही ते नाव स्वतःहून घेतलंत याचं मला नवल वाटलं. मी घेतलं नसतं.

तर आपल्या दोघांना चोवीस तास बाहेर काढलं. मला आयुष्यात पहिल्यांदा कुठून तरी काढलं. शाळेनेही काढलं नव्हतं, मीच निघाले. त्या पानांवर लक्ष ठेवणारं जे कुणी आहे, टाचणी नावाचं, बाई की बुवा माहीत नाही, त्यांनी लिहिलं की एकमेकांचं खोडत बसायला ही भिंत नाही, चर्चापानावर बोला. मग मी चर्चापानावर लिहिलं, "तुम्ही माझ्या बाबांना चोर म्हणालात." टाचणीने तेही काढलं. म्हणे घरची भांडणं इथे नकोत, इथे फक्त लेखाबद्दल बोलायचं.

म्हणून हे पत्र. घरचं भांडण घरच्या पत्त्यावर.

मी एवढंच लिहिलं होतं, की जाड पुस्तक सपाट उघडावं म्हणून पाठीत कापडाची घडी शिवतात, ती पद्धत आमच्या बाबांनी शोधली. तुम्ही बाबांचं नाव काढून स्वतःचं टाकलंत. तुमचं म्हणणं मला माहीत आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजच्या लायब्ररीचं मोठं काम आलं, तिथल्या साहेबांनी घडी बघून विचारलं की ही युक्ती कुणाची, आणि तुम्ही आणि बाबा एका दमात "माझी" म्हणालात. संध्याकाळी तुम्ही तुमचा सुयांचा डबा घेऊन निघालात. त्यानंतर चौदा वर्षं काहीच नाही.

आता मला ती ओळ का हवी ते सांगते. बाबांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेलाय. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याच्या आत सुई सोडा. बाबा दुकानात आल्यावर तासभर शेल्फासमोर उभे होते. तीस वर्षांत बांधलेलं एकही पुस्तक आपल्याकडे नसतं ना, काका. ज्याचं त्याच्या घरी जातं. लिहिणाऱ्याचं नाव असतं, छापणाऱ्याचं असतं, बांधणाऱ्याचं कुठेही नसतं. एका ठिकाणी असावं, एवढंच. एक ओळ. ती मी मिळवणार आहे. तुम्ही कितीही वेळा उडवा.

कटरमामा म्हणाले तुमचा गुडघा दुखतो. कसा आहे?

तुमची पुतणी

२१ जानेवारी

काका,

उत्तर मिळालं. पत्राने नाही, पण मिळालं. सोमवारी तुम्ही तुमचं वाक्य परत घातलंत आणि खाली 'काय बदललं ते थोडक्यात सांगा' अशी चौकट असते त्यात लिहिलंत: "खरी माहिती परत टाकली. गुडघा बरा आहे."

टाचणीने लगेच विचारलं, "सदस्य जाडसुई, गुडघ्याचा लेखाशी काय संबंध आहे ते कृपया स्पष्ट करावे." मी इतकी हसले की ब्रश खळीत पडला. बाबांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. त्यांना अजून काही माहीत नाही. लेबलं छापायला घेतलेला जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर मी जेवायच्या सुट्टीत बसते. त्यांना वाटतं मी टायपिंग शिकतेय.

खरं तर मी नियम शिकतेय. चुकून चुकून. वाक्य टाकलं की टाचणी म्हणे संदर्भ द्या. मी संदर्भात लिहिलं, "बाबा." उत्तर आलं, "आपले वडील खरंच बोलत असतील. पण वाचणाऱ्याला त्यांच्याकडे जाऊन विचारता येणार नाही. कुठे छापलेलं आहे का?"

मग मी एका जुन्या मार्गदर्शकातून बांधणीची अर्धं पान माहिती जशीच्या तशी उतरवली. तेवढीच लेखात भर. तासाभरात गेली. दुसऱ्याचे शब्द उचलायचे नाहीत, माहिती घ्यायची आणि शब्द आपले घालायचे. ते मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. तिथे उलट जसंच्या तसं आलं तर पूर्ण मार्क होते.

मग मी माझ्या शब्दांत लिहिलं, "या दुकानातलं कसब अतुलनीय आहे."

"कुणाच्या मते?"

"माझ्या."

"मग नको."

असं ते माणूस आहे. चिडत नाही, हे जास्त लागतं. पण एक सांगू? तिथे मी बोलू शकते. समोर तोंड नसतं कुणाचं. विचार करायला वेळ मिळतो, लिहिलेलं बघून मग पाठवता येतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी मागच्या खोलीत जाते, आणि तिथे चर्चापानावर मी अनोळखी लोकांशी पुठ्ठ्याच्या जाडीवरून वाद घालते आणि परवा एक वाद जिंकलेसुद्धा.

एक नियम आहे की समोरचा चांगल्या मनानेच लिहितोय असं धरून चालायचं. तो वाचून मी तुमच्याबद्दल तसं धरून चालायचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत जमलं.

दुसरा नियम मला जड गेला. लेखातल्या माणसाशी आपलं नातं असेल तर आधी सांगून टाकायचं. आणि मग स्वतः लेखात हात घालायचा नाही, चर्चापानावर मागणी करायची, बाकीचे ठरवतील. मी तीन दिवस टाळलं. शेवटी लिहिलं, "मी त्यांची मुलगी आहे आणि त्यांच्याच दुकानात काम करते." आता मी पानाला हात लावत नाही. तुम्ही अजून लावताय. काका, तुम्हीही सांगून टाका. तुमचं कुणी चुकीचं म्हणणार नाही, फक्त सांगायला लागतं.

तुम्ही मागे विचारलं नाहीत, तरी सांगते. शाळा मी आठवीनंतर सोडली. तुम्ही गेल्यावर दुकानात हात कमी पडत होते.

तुमची पुतणी

३ फेब्रुवारी

काका,

तुम्ही चर्चापानावर लिहिलंत. नातंही सांगितलंत. "मी सदर इसमाचा सख्खा धाकटा भाऊ असून..." असं पोलिसात जबाब दिल्यासारखं, पण सांगितलंत. मला खूप बरं वाटलं.

आणि खाली तुम्ही ते मास्तरांचं लिहिलंत. तुमचे आणि बाबांचे मास्तर, ज्यांच्या दुकानात दोघं एकामागून एक शिकलात. आधी बाबा, तीन वर्षांनी तुम्ही. तुम्ही लिहिलंत की मास्तरांनी नकाशांचं एक जाडजूड पुस्तक समोर टाकलं आणि म्हणाले, बांध. नेहमीसारखं बांधलं तर ते मधोमध उघडेना, नकाशातली मधली गावं शिवणीत गडप. मास्तर चहाला गेले. टेबलावर कापडाची एक पट्टी होती, ती तुम्ही दुमडून मध्ये घेतलीत, तिच्यावर शिवलंत आणि पुस्तक सपाट उघडलं. मास्तर परत आले, बघितलं, आणि म्हणाले...

हे मी बाबांना वाचून दाखवलं. दाखवायलाच लागलं. सगळं सांगून टाकलं, कॉम्प्युटर, कात्रण, तुम्ही, पत्रं. दुपारचं जेवण दुकानातच झालेलं, बाबा अंगठा गरम पाण्यात धरून बसलेले, आई डबे आवरत होती.

"कुणी लिहिलंय हे?"

"काकांनी."

"कोण काका?"

"मला किती काका आहेत, बाबा?"

मी वाचत गेले. मास्तर परत आले इथपर्यंत आले, आणि पुढचं वाक्य बाबाच बोलले. मी वाचायच्या आधी. भांड्यातल्या पाण्याकडे बघत. "हे तुझंच डोकं. कुणाला सांगू नकोस, लोक उचलतात."

काका, तुम्ही अक्षर न अक्षर हेच लिहिलं होतंत.

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बघ, माझं वाक्यसुद्धा चोरलं त्याने."

तेव्हा कटरमामांनी मशीन बंद केलं. मशीन बंद झालं की दुकानात एकदम मोठं वाटतं सगळं. म्हणाले, "मालक, एक विचारू? ती कापडाची पट्टी टेबलावर आली कुठून?"

"पडलेली होती."

"मास्तरांच्या टेबलावर? पडलेली?" कटरमामा म्हणाले. तेही मास्तरांकडूनच आलेले ना. "अहो, त्या माणसाच्या टेबलावर सुई आडवी दिसली तर आपल्याला दाराबाहेर उभं करायचे. तिथे चिंधी पडलेली, आणि ते तशीच टाकून चहाला गेले? चहाला गेलेले तरी कधी बघितलंत त्यांना?"

बाबा म्हणाले, "तू काम कर."

"करतो. मी आपलं म्हटलं."

आईने डब्याचं झाकण इतक्या जोरात लावलं की मी दचकले. म्हणाली, "चौदा वर्षं. माझी जाऊ दुरावली, दिराचं तोंड बघितलं नाही, कशावरून, तर चिंधीवरून. आणि ती पण मास्तरांची."

म्हणजे बघा, काका. तुम्हाला वाटत होतं बाबांनी तुमचं उचललं. बाबांना वाटत होतं तुम्ही त्यांचं बघून शिकलात. दोघंही खोटं बोलत नव्हतात. मास्तरांनी तुम्हा दोघांना सांगितलं होतं कुणाला सांगू नका, आणि तुम्ही दोघांनी ऐकलंत, तेवढंच चुकलं.

मी हे सगळं लगेच चर्चापानावर टाकलं. टाचणीने लिहिलं, "गोष्ट पटण्यासारखी आहे. पण हा निष्कर्ष आपण घरी बसून काढला आहे. ज्ञानकोशात आपण नवं शोधत नाही, आधी छापलेलं सांगतो." मी म्हटलं, पण हे खरं आहे. टाचणी म्हणाले, "असेल. खरं असणं पुरत नाही, दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे. त्या काळातलं काही छापील मिळतं का बघा."

मग मी बघणार. लायब्ररीत जाणार. तुमच्यासाठी नाही, बाबांसाठी. अजूनही वाटतंय की निघेल बाबांचंच नाव.

आणखी एक. मी तुम्हाला मागच्या पत्रात खोटं लिहिलं. दुकानात हात कमी पडत नव्हते. वर्गात उभं राहून धडा वाचायला सांगितला की माझं वाक्य मध्येच अडकायचं, बाई ते पुरं करायच्या आणि मुली हसायच्या. एक दिवस मी दप्तर घेऊन घरी आले आणि आईला म्हटलं, दुकानात बसते. सगळ्यांना सांगितलं काका गेल्यामुळे. तुमच्यावर ढकललं. नातं सांगून टाकायचा नियम आहे तसा हाही असणार कुठेतरी, म्हणून लिहिलं.

तुमची पुतणी

१२ फेब्रुवारी

काका,

सापडलं. आधी कसं ते सांगते, कारण ते मला सोपं गेलं नाही.

लायब्ररीच्या आतल्या बाजूला जुन्या पुस्तकांची खोली आहे. तिथे कपाटं उघडी नसतात, ग्रंथपालबाईंना सांगायचं, त्या काढून देतात. मी बाहेरच्या बाकावर वीस मिनिटं बसले. मग चिठ्ठी लिहून नेली आणि टेबलावर ठेवली. बाईंनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "चष्मा घरी राहिलाय गं. वाच तूच."

पळून जाणार होते. पायांनी दाराकडे तोंड केलंसुद्धा. पण म्हटलं, टाचणीला काय लिहू? की छापील पुरावा आहे की नाही ते कळलं नाही, कारण मी लाजले? हा संदर्भ चालेल का?

मग वाचलं. दोनदा अडकले. बाई दुसरीकडे बघत थांबल्या. मग म्हणाल्या, "बांधणी शिकवायची जुनी पुस्तकं? कुणी विचारत नाही ती," आणि आत गेल्या.

पाच पुस्तकं काढली. चारांत काही नव्हतं. पाचवी एक पातळ पुस्तिका, सरकारी छापखान्यातल्या शिकाऊ बांधणीवाल्यांसाठी काढलेली. पुठ्ठा सुटलेला, पानं सुतळीने बांधलेली. बांधणीच्या पुस्तकाचीच बांधणी गेलेली, काय म्हणायचं. पान एकतीसवर आकृती आहे. कापडाची घडी, तिच्यावर शिवण, आणि सपाट उघडलेलं पुस्तक. आपल्या दुकानात करतात अगदी तशी. छापल्याचं वर्ष बघितलं. बाबांच्या जन्माच्या अकरा वर्षं आधीचं.

मग आकृतीच्या खालचं बारीक अक्षरातलं वाचलं. ते शिकवणाऱ्यासाठी आहे. टाचणीने शिकवलंय म्हणून शब्द उचलत नाही, माझ्या शब्दांत सांगते. शिकणाऱ्याला ही कृती सांगू नका. त्याच्यापुढे जाड पुस्तक ठेवा, हाताशी कापड ठेवा आणि थोडा वेळ बाहेर जा. त्याने स्वतः केलं की तो कधी विसरत नाही.

काका, मास्तर पुस्तकाप्रमाणे वागत होते. चहाचं तेवढं पुस्तकात नाही. चहा आणि "कुणाला सांगू नकोस" एवढंच मास्तरांचं स्वतःचं.

ही पद्धत कुणी शोधली ते त्यात नाही. कुणाचंच नाव नाही. मी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली, बाबांचं नाव निघेल म्हणून नाही, ते कसं निघणार, पण कुणाचं तरी निघावं म्हणून. नाही.

मला बाबांसाठी एक ओळ हवी होती. ती गेली. बसस्टॉपवर मी रडले, खोटं कशाला बोलू. मनात हेही आलं की पुस्तिका पुन्हा सुतळीने बांधून कपाटात गेलीय, मी बोलले नाही तर कुणाला कळणार आहे? बाई म्हणाल्याच की कुणी विचारत नाही. तुमचा हट्ट आहे, बाबांचा हट्ट आहे, दोघांची नावं घाला म्हटलं तर कदाचित तडजोडसुद्धा झाली असती.

दुसऱ्या दिवशी मी चर्चापानावर पुस्तिकेचं नाव, वर्ष आणि पान लिहिलं. आणि मागणी केली की लेखात असं घालावं: ही पद्धत शिकाऊंसाठीच्या एका जुन्या पुस्तिकेत दिलेली आहे, ती कुणी शोधली याची नोंद सापडत नाही. टाचणीने लिहिलं, "धन्यवाद. जाडसुई यांचं मत येऊ द्या, मग बदलू." एवढंच. आणि खाली वेगळ्या ओळीत, "हे करणं सोपं नसेल."

बाबांना संध्याकाळी सांगितलं. पुस्तिका घरी द्यायची परवानगी नव्हती, म्हणून मी आकृती काढून नेली होती. त्यांनी ती बघितली, उलटी करून मागे काही आहे का तेही बघितलं. मग म्हणाले, "मग मी काय केलं गं तीस वर्षं?"

मी म्हटलं, "पुस्तकं बांधलीत, बाबा."

त्या रात्री ते जेवले नाहीत. आता तुम्ही काय ते लिहा. गुडघ्याबिडघ्याचं नको, नीट लिहा.

तुमची पुतणी

२० फेब्रुवारी

काका,

वाचलं. लेखात तुमचं नाव परत टाकून खालच्या सारांशाच्या चौकटीत तुम्ही लिहिलंत: "असं पुस्तक नाही. दादाने बनवलं असेल. जुना कागद, जुनी खळ, त्याला जमतं."

मी बाबांना ते दाखवलं. चार दिवस ते कुणाशी धड बोलत नव्हते. त्यांनी वाचलं आणि हसायला लागले. इतके की कटरमामा मशीन सोडून आले. बाबा म्हणाले, "बघ, बघ. माझ्या हाताची एवढी तारीफ त्याने जन्मात केली नव्हती." कटरमामा म्हणाले, "ज्ञानकोशात छापून आली म्हणजे पक्की." मी म्हटलं सारांश संदर्भ म्हणून चालत नाही. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पण काका, हसण्यासारखं नाही हे. टाचणीने खाली काय लिहिलंय ते बघितलंत ना? पुस्तिका नेटवर नसली तरी लायब्ररीत आहे, कुणालाही बघता येते, म्हणून तिचा आधार चालतो. तुम्ही नातं सांगूनही तीन वेळा पानात हात घातलात. पुन्हा एकदा घातलात तर तुमचं नाव कायमचं बंद होईल. चोवीस तास नाही, कायमचं. टाचणी बोलतं तसं करतं, ते मी दीड महिन्यात शिकलेय.

तुम्हाला वाटेल, मग बरंच झालं की हिला, एक भांडणारा कमी. तसं नाहीये. त्या पानावर कोपऱ्याच्या शिवणीचा भाग तुम्ही लिहिलाय. मी इतिहास उघडून बघितलं. चार वर्षांपूर्वी लिहिलाय, सगळे संदर्भ देऊन, आणि तो चांगला आहे. माझ्या मते नाही, त्यात आजवर कुणी एक शब्द बदललेला नाही म्हणून म्हणते. तेवढ्या पानात बांधणीचं काम हाताने केलेला माणूस एकटे तुम्ही आहात. तुम्ही बंद झालात तर उरलेल्या भागाचं कोण बघणार? मला अजून कोपरा नीट येत नाही.

तर मी असं केलंय. काल परत लायब्ररीत गेले. चिठ्ठी नेली नाही. ग्रंथपालबाईंना तोंडाने सांगितलं की पुस्तिकेची पाठ सुटलीय, पानं निखळतील, आमचं बांधणीचं दुकान आहे, दुरुस्त करून आणते. त्या म्हणाल्या, "आधी कुणी केलंय असं?" मी म्हटलं नाही. त्यांनी वहीत लिहून माझी सही घेतली. आठ दिवसांसाठी मिळालीय.

घरी आणल्यावर बाबांनी ती टेबलावर ठेवली, सुतळी सोडली, पान एकतीस उघडलं. आकृती नाही, खालचं वाचलं, शिकवणाऱ्यासाठीचं. बोट धरून, हळूहळू. वाचून झाल्यावर म्हणाले, "म्हाताऱ्याने दोघांना चहाला जाऊन गंडवलं." नंतर सुतळी परत बांधायला लागले. मी म्हटलं, शिवायची ना? तर म्हणाले, "मी नाही. त्याच्याकडे घेऊन जा. खरी आहे का खोटी, त्याला हातात घेतल्याशिवाय कळायचं नाही. कळलं की म्हणावं, तूच शीव. घडी घालून."

मी विचारलं, "तुमचा निरोप म्हणून सांगू?"

"सांग की. त्यात लपवायचं काय आहे आता?"

म्हणून मी येतेय. येत्या गुरुवारी, सकाळच्या पहिल्या गाडीने, एकटी. आई म्हणाली कटरमामांना सोबत ने, मी नको म्हटलं. ते वाटेत सगळ्यांना सगळं सांगतील. पुस्तिका आणेन, पातळ कापड आणेन, दोरा तुमच्याकडे असेल. नखाने पुठ्ठ्याची खळ खरवडून बघा, कागद उजेडात धरा, तुम्हाला जे काय बघायचं असेल ते बघा. बाबांनी बनवलेली वाटली तर तसं मला तोंडावर सांगा, मी ऐकून घेईन आणि परत येईन. खरी वाटली तर चर्चापानावर लिहायचं, तुमचं तुमच्या नावाने, माझं माझ्या नावाने. लेखाला आपण दोघांनी हात लावायचा नाही. तुमचं नाव नाही, बाबांचं नाही, मास्तरांचंही नाही. मला हे आवडलंय असं नाही. पण हेच घालायचंय.

गुरुवारपर्यंत त्या पानावर काही करू नका. एवढं एक ऐका माझं.

गाडी दोनला पोचते. दार तुम्ही स्वतः उघडा, काकूला पाठवू नका.

तुमची पुतणी